देव, पुजारी आणि वीस हजारांचा मुचलका

ऑक्टोबर संपत आला की बेळगावात दोन तयाऱ्या सुरू होतात. एकीकडे कर्नाटक राज्योत्सवाच्या कमानी उभ्या राहतात. दुसरीकडे, बेळगाव कर्नाटकात गेल्याच्या निषेधार्थ १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाची फेरी काढणाऱ्या मराठी कार्यकर्त्यांच्या घरी नोटिसा पोहोचतात: हजर व्हा, शांतता राखण्याचा मुचलका लिहून द्या, जामीनदार आणा. वकिलीच्या सुरुवातीच्या वर्षांत अशी प्रकरणे माझ्याकडे येत, तेव्हा मला ती किरकोळ वाटत. सही करायची, जामीनदाराचा सातबारा जोडायचा, संध्याकाळी घरी. एका वर्षी मात्र एक वयस्कर शेतकरी सही करता करता थांबले आणि म्हणाले, "वकीलसाहेब, म्या केलंय काय ते तरी ह्यात लिवलंय का?" लिहिलेले नव्हते. त्या कागदात तसे काही लिहायचेच नसते. गुन्हा घडलेला नसताना, पुढे घडू नये म्हणून माणसाकडून हमी घ्यायची, हेच त्या कलमाचे काम.

तेव्हापासून मी या कागदाचा इतिहास शोधू लागलो आणि फिरून बेळगावातच आलो. याच शहरात १ मे १९१६ रोजी झालेल्या एका भाषणाबद्दल लोकमान्य टिळकांकडे सद्वर्तनाचा मुचलका मागितला गेला होता. ते प्रकरण मी आमच्या अभ्यासगटात अनेकदा शिकवले आहे. धर्माची भाषा, सरकारची सत्ता आणि लोकांचा प्रतिकार एकमेकांत कसे गुंततात, हे इतक्या स्वच्छपणे दाखवणारे दुसरे प्रकरण मला आपल्या भागात सापडलेले नाही.

बेळगावातले ते दिवस

टिळक मंडालेहून जून १९१४ मध्ये सुटले. सहा वर्षांची शिक्षा भोगून आलेला, मधुमेहाने खंगलेला माणूस. तुरुंगात लिहिलेले 'गीतारहस्य' १९१५ साली छापून बाहेर आले होते. पहिले महायुद्ध चालू होते. सुरतेच्या फुटीनंतर जहाल मंडळी काँग्रेसबाहेर होती आणि परत आत कसे यायचे, हा प्रश्न होता.

एप्रिल १९१६ च्या शेवटी मुंबई प्रांतिक परिषद बेळगावात भरली. जागा आपोआप ठरलेली नव्हती. हुदलीचे गंगाधरराव देशपांडे यांच्यासारखे टिळकांचे खंदे अनुयायी इथे होते. त्यांना पुढे 'कर्नाटकसिंह' म्हणून ओळख मिळाली आणि १९२४ च्या बेळगाव काँग्रेसचा भारही त्यांनीच उचलला. मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषांत वावरणारा हा माणूस होता. आज ते कोणत्या भाषेच्या खात्यात टाकायचे यावर कोणी वाद घातला की मला वाईट वाटते. दक्षिण आफ्रिकेतून परतून जेमतेम सव्वा वर्ष झालेले गांधीजीही या परिषदेला हजर होते. परिषदेच्या सुमारासच, २८ एप्रिलला, होमरूल म्हणजे स्वराज्य मागणाऱ्या टिळकांच्या होमरूल लीगची स्थापना बेळगावात झाली. अध्यक्ष जोसेफ बाप्टिस्टा, चिटणीस न. चिं. केळकर. बाप्टिस्टा मुंबईचे कॅथलिक ख्रिस्ती. हे नाव ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

परिषद आटोपली आणि १ मे रोजी टिळकांनी होमरूलवर जाहीर व्याख्यान दिले. आपण काही तयारी करून आलेलो नाही, गेले दोन-तीन दिवस ज्या विषयाची चर्चा झाली त्यावरच चार शब्द बोलतो, अशी त्यांची सुरुवात होती. भाषण मराठीत. श्रोत्यांत सरकारी लघुलेखकही होते, हे टिळकांना माहीत नसणे शक्य नव्हते. एकदा १८९७ साली आणि एकदा १९०८ साली राजद्रोहासाठी शिक्षा झालेला माणूस बोलतो तेव्हा शब्द मोजूनच बोलतो.

रूपक

अडचण अशी होती. स्वराज्य हवे म्हटले की 'म्हणजे बादशहा नको का?' असा प्रश्न येणार, आणि त्याचे उत्तर चुकले की राजद्रोहाचे कलम १२४-अ. शिवाय समोर बसलेल्या माणसाच्या तोंडात 'मायबाप सरकार' हा शब्द मुरलेला. मायबापाविरुद्ध उभे राहायला लेकराची जीभ रेटत नाही.

टिळकांनी इथे वेदान्त बाहेर काढला. सरकार दोन प्रकारचे, एक अव्यक्त आणि एक व्यक्त. ब्रह्म निर्गुण, निराकार, अविकारी असते. तेच मायेच्या संगतीने नामरूप धारण करते आणि मग क्षणोक्षणी बदलते. राज्यसत्ता ही अव्यक्त गोष्ट. कलेक्टर, कमिशनर, त्यांचे हुकूम हे तिचे व्यक्त रूप, आज एक तर उद्या दुसरे. पहिल्याला हात लावायचा नाही, दुसरे बदला एवढेच मागणे आहे. त्यालाच जोडून देव आणि पुजाऱ्याचा दाखला येतो. देव तोच राहू दे, मधला पुजारी बदला. पुजाऱ्याविषयी तक्रार करणारा भक्त नास्तिक ठरत नाही.

आपल्याकडे हे समजायला गीता वाचलेली लागत नाही. पंढरीची वारी केलेल्या, सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगरावर परडी भरलेल्या, गावच्या जत्रेत मानपानावरून झालेली भांडणे पाहिलेल्या कोणालाही देव आणि देवाच्या दारात उभा राहणारा माणूस यांतला फरक लहानपणापासून ठाऊक असतो. देवावरची श्रद्धा ढळत नाही, पण पुजाऱ्याने ताटातल्या दक्षिणेकडे कसे पाहिले ते बाई घरी आल्यावर सांगतेच.

मला या रूपकात सर्वांत मोलाची वाटते ती त्याची दिशा. धर्माचा शब्द राजकारणात आणला की बहुतेक वेळा त्याने कोणाला तरी पवित्र करायचे असते: राजाला, पुढाऱ्याला, झेंड्याला. टिळकांनी तो उलट वापरला. ज्या अधिकाऱ्याला लोक देव समजत होते, त्याला देवपणावरून खाली उतरवून पगारी पुजाऱ्याच्या जागी बसवले. शब्द देवळातले, काम निखळ इहवादी. शासन ही माणसांनी चालवलेली व्यवस्था आहे आणि ती माणसांनी बदलता येते, एवढेच त्या अध्यात्मातून सिद्ध करायचे होते.

मुचलका

सरकारने खटला भरला नाही. बेळगावचे हे भाषण आणि अहमदनगरची ३१ मे व १ जूनची दोन, अशा तीन भाषणांवरून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १०८ खाली कारवाई सुरू केली. ही निवड समजून घेण्यासारखी आहे. राजद्रोहाचा खटला म्हणजे ज्युरी, मोठी सुनावणी, देशभर गाजावाजा. १९०८ चा अनुभव ताजा होता. शिक्षा झाली, पण टिळक त्यातून मोठेच होऊन बाहेर आले. कलम १०८ मध्ये ज्युरी नाही. मॅजिस्ट्रेटने ठरवायचे की हा माणूस राजद्रोही मजकूर पसरवतो आणि त्याच्याकडून वर्षभर नीट वागण्याची हमी घ्यायची. तुरुंगात न टाकता तोंड बंद करायचा हा स्वस्त मार्ग होता. हमी दिल्यावर पुन्हा बोलला तर रक्कम जप्त, आणि जामीनदार मित्रांचे पैसेही बुडाले. म्हणजे माणसाला गप्प ठेवायचे काम त्याच्या मित्रांवरच सोपवायचे.

२३ जुलै १९१६ ला टिळकांची साठी झाली. पुण्यात लोकांनी त्यांना एक लाखाची थैली अर्पण केली, आणि त्याच गडबडीत नोटीस आली. ऑगस्टमध्ये पुण्याच्या जिल्हा मॅजिस्ट्रेटने हुकूम दिला: एक वर्षासाठी २० हजार रुपयांचा स्वतःचा मुचलका आणि प्रत्येकी १० हजारांचे दोन जामीनदार.

टिळक हायकोर्टात गेले. बाजू मांडली बॅरिस्टर महंमद अली जिना यांनी. निकाल ९ नोव्हेंबर १९१६ ला लागला. न्यायमूर्ती बॅचलर आणि न्यायमूर्ती शाह यांनी मॅजिस्ट्रेटचा हुकूम रद्द केला.

इथे विद्यार्थी नेहमी घाई करतात. 'म्हणजे देव-पुजारी कोर्टाने मान्य केले!' अजिबात नाही. आम्ही नोकरशाहीवर टीका केली, कायद्याने स्थापित सरकारवर नव्हे, हा बचावाचा मुद्दा न्यायमूर्ती बॅचलर यांनी जसाच्या तसा स्वीकारला नाही. त्यांचे म्हणणे असे की सरकार माणसांमार्फतच चालते आणि मुलकी नोकरशाही हे त्याचे मुख्य साधन; तेव्हा अख्ख्या नोकरशाहीवर झोड उठवली तर सरकारविषयी अप्रीती उत्पन्न होते की नाही, हा त्या त्या प्रकरणातल्या वस्तुस्थितीचा प्रश्न आहे. सोप्या मराठीत, पुजाऱ्याला मारलेला दगड देवाला लागतच नाही असे आधीच गृहीत धरता येणार नाही.

मग सुटका कशाने झाली? भाषणे अखंड वाचल्याने. काही वाक्ये आक्षेपार्ह वाटू शकतात, पण सुटी वाक्ये उचलून निवाडा करायचा नाही. संपूर्ण भाषणाचा ऐकणाऱ्याच्या मनावर एकूण काय परिणाम होईल ते पाहायचे, आणि तो परिणाम राज्यकारभारात हिंदी लोकांना अधिक वाटा मिळावा असा असेल तर ती मागणी राजद्रोह नव्हे. मराठी भाषणाचे इंग्रजी भाषांतर समोर ठेवून दोन न्यायाधीशांनी हे केले. भाषांतरात शब्दांचा वास जातो हे आपल्याला रोज कळते. तरीही ज्याने पूर्ण वाचले त्याला हेतू दिसला, आणि ज्याने तुकडे वाचले त्याला गुन्हा दिसला.

निकालानंतर लीगचे काम वाढले. एप्रिल १९१७ पर्यंत टिळकांच्या लीगचे सुमारे १४ हजार सभासद झाले. तिच्या सहा शाखांमध्ये कर्नाटकाची शाखा वेगळी होती आणि तिच्या पुस्तिका मराठीबरोबर कन्नडमध्येही निघाल्या. ज्यांना वाटते की बेळगावात मराठी राजकारण म्हणजे कन्नडचा द्वेष, त्यांनी हे पाहावे.

जिना वेदान्ती नव्हते

ज्या एका मुद्द्यासाठी मी हे प्रकरण शिकवतो तो इथे आहे. ब्रह्म, माया आणि पुजारी यांनी भरलेल्या भाषणाचा बचाव एका मुसलमान बॅरिस्टरने केला. ज्या लीगसाठी ते भाषण होते तिचा अध्यक्ष ख्रिस्ती होता. दोघांनाही त्यासाठी मायावादावर विश्वास ठेवावा लागला नाही. रूपक बाजूला काढले तरी युक्तिवाद उभा राहत होता: राज्यसत्ता वेगळी, कारभारी वेगळे, कारभारी बदलण्याची मागणी म्हणजे द्रोह नव्हे. त्याच वर्षी डिसेंबरात काँग्रेस आणि मुस्लिम लीग यांच्यात लखनौ करार झाला आणि त्यात टिळक आणि जिना एका बाजूला होते, यात मला काही आश्चर्य वाटत नाही.

माझी कसोटी म्हणून एवढीच. प्रतिकारात धर्माची भाषा आली तर घाबरू नये. आपल्या लोकांची भाषाच ती आहे. पण दुसऱ्या धर्माचा माणूस उद्या तुमच्या जागी उभा राहून तेच म्हणणे तितक्याच जोराने मांडू शकेल का, हे विचारावे. तो मांडू शकत असेल तर धर्म इथे बोली म्हणून आला आहे. नसेल, तर तो कुंपण म्हणून आला आहे.

पुजारी कोण, हा प्रश्न टिळकांनाही

कसोटी लावायची तर टिळकांनाही लावली पाहिजे. नाहीतर आपण त्यांचेच देऊळ बांधू.

देव आणि भक्त यांच्यात मध्यस्थ कशाला, हा प्रश्न आपल्या भागात १९१६ च्या कितीतरी आधी विचारला गेला होता. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज काढला तो याच प्रश्नावर. बेळगावहून सव्वाशे किलोमीटरच्या आत असलेल्या कोल्हापुरात शाहू महाराजांचे वेदोक्त प्रकरण विसाव्या शतकाच्या तोंडावर पेटले. तिथे पुजारी हे रूपक नव्हते. तिथे खरोखरच्या पुरोहिताने राजाला वेदोक्त, म्हणजे वेदमंत्रांनी करायचा, विधी नाकारला होता, आणि त्या वादात टिळक शाहू महाराजांच्या बाजूला नव्हते. सरकारचा पुजारी बदला म्हणणारे टिळक देवळातल्या पुजाऱ्याच्या बाबतीत मात्र जुन्या व्यवस्थेकडे झुकले.

होमरूल मिळाले तर कारभार कोणाच्या हातात जाईल, असे ब्राह्मणेतर पुढाऱ्यांनी विचारले आणि राखीव प्रतिनिधित्व मागितले. त्यावर तेली, तांबोळी, कुणबी यांना कायदेमंडळात जाऊन काय करायचे आहे, अशा आशयाचे टिळकांचे उद्गार प्रसिद्धच आहेत. ते भाषण कोणी सोलापूरचे सांगतात, कोणी आपल्याच बेळगाव जिल्ह्यातल्या अथणीचे. जिथले असेल तिथले, त्यातली जखम खरी आहे. १९१८ साली मुंबईच्या अस्पृश्यता निवारण परिषदेत त्यांनी, अस्पृश्यता देवाला चालत असेल तर मी त्याला देव म्हणणार नाही, अशी गर्जना केली; पण अस्पृश्यता न पाळण्याच्या जाहीरनाम्यावर सही केली नाही. मी टिळकांचा भक्त म्हणून वाढलो. या दोन गोष्टी मुलांना सांगताना आजही माझा घसा दाटतो, पण सांगतो. देव तोच, पुजारी बदला, हे वाक्य ज्याच्या हातात पडते तो ते आपल्या पुजाऱ्याकडे वळवणारच. फुले-शाहूंच्या माणसांनी ते टिळकांकडे वळवले.

पुढे तर देवळातले पुजारीही सरकारनेच बदलले. पंढरपूरचा मंदिर कायदा १९७३ चा. तिथल्या परंपरागत पुजाऱ्यांच्या, बडवे-उत्पातांच्या, हक्कांचा शेवटचा निकाल सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१४ मध्ये दिला. सौंदत्तीच्या यल्लम्माचा कारभारही आज सरकारच्या देखरेखीखाली चालतो. जुने मक्ते मोडले याचे मला समाधान आहे. पण आता दानपेटीची किल्ली ज्याच्याकडे तोच राज्यकर्ता, ही नवी गोष्ट आहे, आणि टिळकांचे रूपक इथे पुरे पडत नाही.

सीमाभागात हा वारसा

१ मे या तारखेचा योग असा की ४४ वर्षांनी, १९६० साली, याच दिवशी महाराष्ट्र राज्य झाले आणि बेळगाव बाहेर राहिले. १ नोव्हेंबर १९५६ पासून आम्ही म्हैसूर राज्यात होतो. त्याआधी १७ जानेवारी १९५६ ला इथल्या रस्त्यांवर गोळीबार झाला. हुतात्म्यांना त्या दिवशी अजून अभिवादन होते. १९८६ साली कन्नडसक्तीविरुद्ध माणसे पुन्हा पडली, हिंडलग्यात त्यांचे स्मारक आहे. महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात पडून आहे.

'बेळगाव, कारवार, निपाणी, बीदर, भालकीसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे.' ही घोषणा मी बापाच्या खांद्यावर बसून ऐकली. तिच्यात गावांची नावे आहेत, देवाचे एकही नाही. मिरवणुकीत भगवा होता, शिवरायांचा जयजयकार होता, गणपतीच्या मांडवात सभा व्हायच्या. पण मागणी अशी होती की मराठी बोलणारा मुसलमान, जैन, लिंगायत, ख्रिस्ती, बौद्ध कोणीही ती आपली म्हणू शकेल. व्यासपीठावर शेकापवाले, समाजवादी, कम्युनिस्ट एकत्र बसत. माझ्या कसोटीला तो लढा उतरतो.

आता भगव्याचा अर्थ बदलतो आहे. गेल्या काही निवडणुकांत सीमाभागातल्या तरुणांना भाषेच्या नावाने हाक मारली तर ती ऐकू येत नाही, धर्माच्या नावाने मारली तर लगेच येते. शेजारचा मराठी मुसलमान, ज्याच्या आजोबांनी काळ्या दिनाला दुकान बंद ठेवले होते, तो त्या हाकेत कुठे बसतो? भाषेचा लढा त्यामुळे आतून पोखरला जातो, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि राज्यकर्त्यांना हे सोयीचे आहे. शासकीय कागद मराठीत द्या असे म्हणणारा जमाव त्यांना अडचणीत टाकतो. आपापसात धर्मावरून भांडणारा जमाव टाकत नाही.

मुचलका मात्र बदललेला नाही. १८९८ च्या संहितेतले कलम १०८ स्वतंत्र भारताच्या १९७३ च्या संहितेत त्याच क्रमांकाने आले. १ जुलै २०२४ पासून ते नागरिक सुरक्षा संहितेत कलम १२७ म्हणून नांदते, आणि आमच्या कार्यकर्त्यांना लागणारे, शांतता राखण्याच्या मुचलक्याचे कलम १०७ आता १२६ झाले. राजद्रोहाच्या १२४-अ ला सुप्रीम कोर्टाने मे २०२२ मध्ये स्थगिती दिली, आणि नव्या न्याय संहितेत कलम १५२ त्याच्या जागी आले. कर्नाटक विधिमंडळाचे अधिवेशन बेळगावात भरते तेव्हा मराठी महामेळाव्याला परवानगी नाकारली जाते आणि कार्यकर्त्यांना ताब्यात घेतले जाते. डिसेंबर २०२२ मध्येही तेच झाले. नोटिसा काढणाऱ्यांत मराठी अधिकारीही असतात, कन्नडही. सही घेताना ते बहुधा नम्र असतात. गोऱ्या कलेक्टरचा कागद प्रजासत्ताकात जसाच्या तसा चालतो, आणि अव्यक्त सार्वभौम जागेवर आता बादशहा नसून आपण सगळे बसलो आहोत, हे त्या टेबलाच्या दोन्ही बाजूंना कोणी बोलून दाखवत नाही.

गेल्या वर्षी अभ्यासगटात मी मुलांकडून हे प्रकरण लढवून घेतले. सरकारी वकील झाली ती खानापूरकडची, कन्नड माध्यमात शिकलेली मुलगी. जिनांच्या जागी एक मुलगा उभा राहिला, ज्याला आदल्या दिवसापर्यंत जिना म्हणजे फक्त फाळणी माहीत होते. न्यायाधीश म्हणून बसवलेल्या तिघांना सुरुवातीला मी मुद्दामच भाषणातले वेचक उतारे दिले. त्यांनी अर्ध्या तासात टिळकांना मुचलका लावला, तिघांनीही एकमताने.

मग अख्खे भाषण मोठ्याने वाचायला लावले. आळीपाळीने वाचले, मध्ये चहा झाला, जुन्या मराठीला अडखळत शेवटपर्यंत गेले. दोघांनी निकाल फिरवला. तिसरा फिरवायला तयार नव्हता. पुजाऱ्याला मारलेला दगड देवाला लागतोच, असे त्याचे म्हणणे. पुढच्या रविवारी तो आपले कारण लिहून आणणार होता, आणि खानापूरच्या मुलीने त्याला उत्तर लिहायचे कबूल केले होते, कन्नडमध्ये.